शेवटच्या शिट्टीपर्यंत

तिला सगळे शिट्टी म्हणत. दोन बोटं जिभेखाली घालून ती अशी शीळ मारायची, की कोरड्या तळ्याच्या पलीकडच्या काठावर झोपलेलं कुत्रं उठून उभं राहायचं, इकडेतिकडे बघायचं आणि आपल्याला कुणीच बोलावलेलं नाही हे कळल्यावर ओशाळून पुन्हा बसायचं. घरात तिच्या शिळेला मान होता. बाप खाली कड खोदत असला की ती वर उभी राहून मातीतल्या भेगेवर डोळा ठेवायची. भेग रुंदावली की शीळ. शीळ ऐकली की हातातलं टाकून पळायचं, का ते नंतर विचारायचं. एकदा वहिनी अशीच पळाली आणि ती उभी होती नेमकी तिथं गाडीभर माती बसली. तेव्हापासून वहिनी तिला "वन्सं" म्हणताना जरा कमी चिडवायची.

शाळेतल्या पथकात मात्र शिळेला मान नव्हता. तिथं शिट्टी पांढऱ्या दोरीला बांधलेली, बाईंच्या गळ्यात. पथकातल्या पहिल्याच दिवशी हिनं हौसेनं बोटं तोंडात घातली आणि सगळ्या मुली दचकून मागं वळल्या. बाईंनी तिला तास संपेपर्यंत झेंड्याच्या खांबाशी उभं केलं. तिला त्याचं काही वाटलं नाही. खांबाशी उभ्या उभ्या तिनं झेंड्याच्या दोरीची गाठ बघून घेतली आणि घरी जाऊन घमेल्याच्या कडीला तीच बांधली.

पथकावर तिचा जीव होता. गणवेशावर होता, गळ्यातल्या निळ्या रुमालावर होता, आणि सगळ्यात जास्त मोठ्या मेळाव्यावर होता. लांबच्या मैदानात तंबू ठोकून राहायचं, इतर शाळांच्या मुली, रात्री शेकोटी. शिट्टीचं घर कामामागं हिंडणारं, त्यामुळे ताडपत्रीखाली ती पुष्कळदा झोपली होती. पण नुसतं मजेसाठी ताडपत्रीखाली झोपायचं, सकाळी उठून कुणाची माती उचलायची नाही, ही कल्पनाच तिला गुदगुल्या केल्यासारखी वाटायची.

मेळाव्याला सगळ्या जाणार नव्हत्या. बाईंनी वर्गात सांगितलं होतं, सक्रिय सहभाग असेल तिलाच नेणार. एका मुलीनं विचारलं, सक्रिय म्हणजे किती? बाईंनी बोटावर मोजून सांगितलं. गणवेशात यायचं. रांगेत राहायचं. पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत थांबायचं. मग शिट्टीकडं बघून म्हणाल्या, "गाठी चांगल्या येतात म्हणून कुणाला वेगळा नियम नाही."

ते तिलाच होतं. तळ्याचं काम सुरू झाल्यापासून तिनं एकाही रविवारी पथकाचं तोंड बघितलं नव्हतं.

पाऊस न झाल्यानं तळं पार आटलं होतं. तळाचा गाळ वाळून त्याच्या खपल्या उलट्या वळल्या होत्या, वरून चाललं की ताटल्या फुटल्यासारखा आवाज यायचा. खाली मात्र तो ओला, काळा, चिकट. कुदळ मारली की कुदळ धरून ठेवायचा. गाळ काढायचं काम बापानं घेतलं होतं, आणि कालव्याचं पाणी सुटायच्या आत ते संपवायचं होतं. भाऊ ट्रकवर गेलेला. उरली चार माणसं. बाप खोदायचा, आई फावड्यानं घमेली भरायची, वहिनी आणि शिट्टी डोक्यावरून नेऊन भरावापलीकडं ओतायच्या. आईच्या टाचांना अशा भेगा पडल्या होत्या की तिनं त्यात मेण भरलं होतं. बापाची कंबर सकाळी सरळच व्हायची नाही. तो चार पायांवर रांगत ताडपत्रीबाहेर यायचा, खांबाला धरून उभा राहायचा आणि उभं राहिल्यावर इकडंतिकडं बघायचा, कुणी पाहिलं तर नाही ना. सगळ्यांनी पाहिलेलं असायचं. सगळे कामात असल्यासारखं दाखवायचे.

खड्ड्याच्या मध्ये त्यांनी मातीचे तीन खांब तसेच ठेवले होते. घरात त्यांना म्हातारे म्हणत. म्हाताऱ्याचा माथा म्हणजे जुना तळ, त्यावरचं वाळकं गवतसुद्धा हलवायचं नाही. मोजणीवाले साहेब आले की माथ्यापासून खाली टेप सोडतात, आणि जेवढा म्हातारा उंच तेवढं खोदलं असं धरतात. तळ आधीच वरखाली असतो, काठावरून माप लागत नाही. म्हातारा गेला की खड्डा हा नुसता खड्डा, तो कुणी खोदला आणि किती, याला देवसुद्धा उत्तर देणार नाही. काठाजवळचा म्हातारा बुटका होता, कंबरेएवढा, कारण तिथं खाली मुरूम लागला होता. मधला बापाच्या खांद्याला. आणि सगळ्यात आतला एवढा उंच, की बापानं हात वर केला तरच माथ्याला बोटं टेकायची. वहिनी त्याला हळूच मामंजी म्हणायची. "मामंजी ताठ उभे आहेत," ती शिट्टीच्या कानात सांगायची, "दुसरे मामंजी रांगतायत." आणि दोघी घमेल्याखाली हसून हसून माती सांडायच्या.

पथकाला सेवेचा एक दिवस करायचा होता. कुठं जावं, बाईंनी विचारलं, आणि शिट्टीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आपल्याला पथकाकडं जाता येत नाही ना? मग पथकच इकडं आणू. तिनं हात वर करून तळं सुचवलं. बाई खूष झाल्या. तिची मैत्रीण, जिला सगळे खोडरबर म्हणत कारण ती एक ओळ लिहून तीनदा खोडायची, तिनं टाळी दिली. शिट्टी घरी आली ती उड्या मारतच.

आईला मात्र उड्या मारण्यासारखं काही दिसेना. आईनं विचारलं, त्या मुलींच्यात तू उभी राहणार, मग तुझी घमेली कोण नेणार? वहिनी म्हणाली, मी नेते. एक सकाळ तर आहे. बाप म्हणाला, येऊ देत, चार हात जास्त लागले तर काय वाईट. त्याला खरंच वाटलं होतं, काम थोडं हलकं होईल.

रविवारी पथक आलं. निळे रुमाल, पांढरे बूट, आणि बाईंच्या गळ्यात शिट्टी. शिट्टीनं गणवेश आदल्या दिवशीच धुऊन तांब्यात निखारे घालून त्याला इस्त्री केली होती. मुलींची साखळी लागली. घमेली हातोहात सरकू लागली, तळाशी चार मुठी माती असलेली, कारण भरलेलं घमेलं मुलींना पेलवेना. गाणी झाली. कुणाला गांडूळ दिसलं त्याची किंकाळी झाली. साखळीच्या बाजूनं वहिनी जात होती, डोक्यावर एकावर एक दोन घमेली, मान ताठ आणि डोळे आत गेलेले. खोडरबर कौतुकानं म्हणाली, "तुझी वहिनी काय स्ट्राँग आहे गं." शिट्टीचे कान तापले. एकदा वहिनी ठेचकाळली तशी ती साखळीतून निघालीच होती, पण बाईंनी हाक मारली. आज तू आमच्याकडची. जागा सोडायची नाही.

तिनं जागा सोडली नाही.

उन्हं वर आल्यावर काम थांबलं. फोटो काढायचा होता. घरची तिघं तेव्हा उरलेली माती घेऊन भरावाच्या पलीकडं गेली होती. बाईंनी खड्ड्यात नजर फिरवली आणि त्यांना ते खांब दिसले. त्या म्हणाल्या, हे काय मध्येच राहिलं? अर्धवट काम करून आपण जात नाही. पाडा आणि सपाट करा, फोटोही मोकळा येईल.

शिट्टीनं रांगेतून हात वर केला. बाई म्हणाल्या, नंतर. तिनं हात तसाच ठेवला. बाईंनी बघितलं नाही. तेव्हा ती न विचारता बोलली.

"बाई, ते पाडायचे नसतात."

"आपण काम करायला आलोय. काम शिकवायला नाही. रांगेत."

आता ओरडावं, असं तिच्या मनात आलं. मग मेळावा आला, तंबू आला, शेकोटी आली. बाईंच्या बोटांवर मोजलेले नियम आले. शेवटची शिट्टी व्हायचीच होती अजून. आत्ता गप्प राहिलं की दिवस भरला. मुलींनी दोर काढला, आतल्या म्हाताऱ्याच्या गळ्यात घातला, आणि खोडरबरनं गाठ मारली. ती गाठ शिट्टीनंच तिला शिकवली होती, शाळेच्या पायरीवर, बुटाच्या नाडीवर. सुंदर बसली. बाई म्हणाल्या, बघा, याला म्हणतात गाठ.

तेव्हा शिट्टीनं बोटं तोंडात घातली.

भरावापलीकडून तिघं हातातलं टाकून पळत आली. बाप सगळ्यांत पुढं, कंबर धरून, तिरपा पळत, आणि त्याला वाटत होतं कुणीतरी मातीखाली गेलं. इकडं मुली मात्र शीळ ऐकून जास्तच चेकाळल्या, त्यांना तो ओढायचा इशारा वाटला. त्यांनी ओढलं. मामंजी एकदा झुकले, माथ्यावरचं वाळकं गवत हललं, आणि ते मुळापासून आडवे झाले. मधल्याचं डोकं बाकीच्या मुलींनी, इकडं दोर बांधला जात होता तेवढ्यात, फावड्यांनी आधीच उडवलं होतं. मुलींनी टाळ्या वाजवल्या. बुटक्याकडं कुणाचं लक्षच गेलं नाही.

बाप काठावर येऊन थांबला. आधी त्यानं माणसं मोजली. कुणी दबलेलं नाही हे बघून त्याच्या तोंडावर बरं वाटल्याचं दिसलं, आणि मग त्याला खड्डा दिसला. तो मटकन खाली बसला. बाईंना काही कळेना. त्या शिट्टीवर रागावल्या, रांग मोडली, परवानगीशिवाय इशारा दिला, मुली घाबरल्या असत्या तर? मग त्यांनी आपली शिट्टी फुंकली. फोटो निघाला. शिट्टी त्यात नव्हती.

त्या दिवशी घरात तिला कुणी बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. बाप ताडपत्रीत तोंड फिरवून पडला. संध्याकाळी वहिनी आणि शिट्टी खड्ड्यात उतरल्या. मोडलं तर जोडून द्यावं, असं पथकात शिकवतात, आणि शिट्टीच्या डोक्यात पुन्हा तो लख्ख उजेड पडला होता. मधल्याचं डोकं बाजूलाच पडलं होतं, गवतासकट. त्यांनी ओल्या गाळानं ते परत बसवलं, हातानं लिंपून सांधा गुळगुळीत केला, अगदी होतं तेवढ्याच उंचीला. एक बोट जास्त नाही की कमी नाही. वहिनी म्हणाली, सासूबाईंनासुद्धा ओळखू येणार नाही.

मोजणीवाल्या साहेबांना आलं. त्यांनी बुटाचं टोक सांध्याला लावलं, डोकं घरंगळलं, आणि आतला ओला गाळ चमकला. साहेब चिडले नाहीत. हसले. हीच युक्ती त्यांनी नोकरीभर बघितली होती, म्हाताऱ्याच्या डोक्यावर माती चढवायची आणि खोली वाढवून दाखवायची.

"वय झालं तुमचं," ते बापाला म्हणाले, "आणि अजून हे धंदे?"

इतकी वर्षं बापाच्या म्हाताऱ्यांवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. त्यानं फक्त शिट्टीकडं बघितलं, तेही रागानं नाही. विचारल्यासारखं. आईनं हात जोडून सांगितलं की शाळेच्या मुलींनी पाडलं. साहेब म्हणाले, हो, मुलींनी श्रमदान केलं ते आलंय माझ्या कानावर, तेही वजा करावं लागेल. मग टेप बुटक्यावर लावला, कंबरेएवढा, आणि सगळ्या तळ्याला तेच माप धरलं. जाता जाता म्हणाले, कुणी बाहेरचं येऊन सांगत असेल तर आणा, पाणी सुटायच्या आत.

शिट्टी पळत शाळेत गेली. बाई एकट्याच होत्या, रुमालांच्या घड्या घालत. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. त्या काही वाईट बाई नव्हत्या. त्यांचं तोंड उतरलं, त्यांनी तिला बसायला सांगितलं, पाणी दिलं. म्हणाल्या, मला माहीतच नव्हतं गं. मग घडीवरून हात फिरवत म्हणाल्या, पथकानं नुकसान केलं असं बाहेर गेलं तर मेळाव्याला पथकच जायचं नाही. एवढ्या मुलींचं काय? त्यांनी काय मुद्दाम केलं?

"तू रांग मोडलीस, ते मी विसरते," बाई म्हणाल्या. "तुझा सहभाग पूर्ण धरते. तू मेळाव्याला ये. आणि हे इथंच राहू दे."

तंबू इतका जवळ होता की हात लांबवला असता तर कापड लागलं असतं. तिनं पाण्याचा पेला खाली ठेवला.

"बाई, मी तेव्हाही रांगेतच होते," ती म्हणाली. "जेवढं राहायला नको होतं तेवढं राहिले."

ती खोडरबरकडं गेली. गाठ तूच मारलीस, एवढंच येऊन सांग. खोडरबर हो म्हणाली, मग आईला विचारते म्हणाली, मग म्हणाली की नक्की तिनंच मारली होती का ते तिला आता आठवत नाही. चष्मा पुसत राहिली. शिट्टी एकटीच साहेबांकडं गेली आणि जे झालं ते सांगितलं, ओल्या गाळाचं डोकं आपणच बसवलं तेसुद्धा. साहेब म्हणाले, बरी शिकवून पाठवली आहे.

कालव्याचं पाणी सुटलं. तळं भरत गेलं तसं बुटका म्हातारा पाण्यात बुडाला, आणि तो बुडेपर्यंत बाप काठावर उभा राहून बघत होता. पुढचं तळं त्यांना मिळायचं होतं, ते दुसऱ्याला गेलं. यांना उरली ती भरावाची डागडुजी, पाण्यानं खचेल तिथं माती टाकायची. काठावर पाटी लागली. पथकानं श्रमदानातून गाळ काढला, खोली इतकी. साहेबांच्या टेपचाच आकडा त्यावर होता.

मेळाव्याला निघायच्या सकाळी बस तळ्याशी थांबली. भरल्या तळ्यापाशी एक फोटो हवा होता. शिट्टी भरावावर होती, डोक्यावर भरलेलं घमेलं, घमेल्याखाली चुंबळ. निळ्या रुमालाची. घट्ट पिळलेली, चांगली बसणारी. वहिनी पहिल्यांदा ती बघून काहीतरी गमतीचं बोलणार होती आणि बोलली नव्हती.

बाई मुलींना सांगत होत्या, बूट काढा, थोडं आत उभ्या राहा, पाण्यात छान दिसेल. पाटी वाचून एक मुलगी ओरडली, कंबरेएवढंच आहे, चला. हातात हात धरून रांग आत निघाली, खोडरबर पुढं, चष्मा सांभाळत. काठाजवळ मुरूम होता, तिथवर पाय टेकत होते. मुरमाच्या पुढं बापानं कड सरळ खाली उतरवली होती.

आई फावडं टेकून बघत होती. बापही. कुणी मुलींना हाक मारली नाही. एवढासा वेळ गेला, आणि तेवढ्या वेळात शिट्टीच्या मनात जे आलं ते तिनं पुढं कधी कुणाला सांगितलं नाही.

मग तिनं एका हातानं घमेलं धरलं आणि दुसऱ्या हाताची बोटं जिभेखाली घातली.

रांग जागच्या जागी थिजली. शिट्टीनं घमेलं उतरवलं, खाली आली, बापाची लांब पहार उचलली आणि खोडरबरच्या पुढच्या पाण्यात उभी सोडली. पहार गेली. पूर्ण गेली, वरच्या टोकासकट. बुडबुडे आले आणि पाणी पुन्हा सपाट झालं.

मुली एकेक पाऊल मागं आल्या. खोडरबर रडत होती. बाई पाटीकडं बघत होत्या, मग पाण्याकडं, मग पुन्हा पाटीकडं. त्यांना सगळं कळलं हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. त्या शिट्टीजवळ आल्या. तिच्या मातीच्या खांद्यावर हात ठेवावा की नाही, असा हात मध्येच धरून उभ्या राहिल्या.

"शाब्बास," त्या म्हणाल्या. "याला म्हणतात... पण गणवेशात असतीस, तर सहभाग धरता तरी आला असता."

बसचा हॉर्न वाजला. मुली बूट हातात घेऊन पळाल्या.

"पहार गेली," बाप म्हणाला.

"हो," शिट्टी म्हणाली. तिनं रुमाल पुन्हा पिळला, डोक्यावर ठेवला आणि घमेल्याखाली वाकली. आईनं हात लावला. तिकडं बसपाशी बाईंनी शिट्टी फुंकली, शेवटची. मुली रांगेत चढल्या. इकडं कुणी मान वळवली नाही.